मराठी सारांश

मूळ अहवाल इंग्रजीत. सातशे बारा पानं.
सारांश चौदा पानांत बसवायचा,
दर नेहमीच्या तिप्पट.

अमळनेरला टेशनामागे
झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर मी बसतो.
खरेदीखतं, वारसदाखले, लग्नपत्रिका.
खालून सुरतेची मालगाडी गेली
की कागदावरचे अनुस्वार हलतात.

मुरलीधरन साहेब फोनवर फार नम्र.
"सर, इथे 'धूर' नको. 'उत्सर्जन' बरं."
लिहिलं.
"'कोळसा' असू द्या, पण सारखा सारखा नको. मधूनमधून 'इंधन'."
केलं.
'राख' आली तेव्हा ते थांबले,
ताटात केस दिसल्यावर
पाहुणा थांबतो तसे.
मग म्हणाले, "सहउत्पादन."

मला कुणी धमकावलं नाही.
पाकीट नाही, रात्रीची गाडी नाही,
ओळखीचा गुंड नाही.
एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द,
आणि दुसरा पहिल्यापेक्षा शुद्ध.
शुद्धलेखनाचा मी पहिल्यापासून पक्का.

वालखेडीत कंपनी आधीच पोचलेली होती.
शाळेच्या भिंतीवर तिने काढलेला हिरवा डोंगर,
व्यायामशाळेच्या पोरांच्या पाठीवर तिचं नाव,
पेपरात पानभर शुभेच्छा
आणि त्याच पानाच्या मागे बातमी नसलेली जागा.
आखाजीला निंबाला झोका बांधला तिने,
पाटीवर सोनेरी ज्योत.
सासुरवाशिणी त्या ज्योतीवर बसून
उंच गेल्या, गाणी म्हणत,
आणि झोका खरंच चांगला होता,
दोर नवा होता.

जनसुनावणी मंगल कार्यालयात.
पंखे, पाण्याच्या बाटल्या, मागच्या दाराने
शेवभाजीच्या फोडणीचा वास.
मंचावर प्रांतसाहेब, मुरलीधरन, कंपनीचे दोघे तिघे,
आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी.
सरपंचांनी स्वागत वाचलं. तेही मीच लिहिलेलं.
टाळ्या वाजल्या, माझ्या पूर्णविरामांवर बरोबर.

मग मागून सुपडाबाई उठली.
हातात सारांश, गुंडाळी केलेला, लाटण्यासारखा धरलेला.
"भाऊ, हाई सहउत्पादन म्हंजे काय शे?
खावानं का पांघरानं?"

हसले लोक.
ती हसली नाही.
"मन्ही आंडेर दियेल शे तठे, जुना पलाँटना गावले.
धाबावर बिबडा टाकात
ते संध्याकायलोंग काया पडतस.
तेच का हाई?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
अहिराणी त्यांना येत नव्हती,
मला येते. आईच्या दुधासोबत आलेली.
दोन अक्षरांचं उत्तर माझ्या जिभेवर
चुलीतल्या निखाऱ्यासारखं, वरून पांढरं.

मी म्हणालो, "सर, शी इज आस्किंग अबाउट पापड."

कंपनीच्या माणसाने लगेच माईक घेतला.
महिला बचत गटाला पापड मशीन देऊ म्हणाला,
तीन नग.
टाळ्या.
सुपडाबाई बराच वेळ उभीच होती,
कुणीतरी पदर ओढून तिला बसवलं.

इतिवृत्त, मुद्दा सतरा:
एका महिलेने शब्दार्थाबाबत विचारणा केली.
समाधान करण्यात आले.

पैसे चौथ्या दिवशी आले, पूर्ण.

आता दर रात्री मालगाडी गेली
की सारांश काढून बसतो.
पान अकरा, तक्ता चार, खालची तळटीप,
अगदी बारीक टायपात
तिथे एक 'राख' राहून गेली आहे.
मुरलीधरनला दिसली नाही, प्रांतांना नाही,
तीनशे प्रतींत ती तशीच गेली.

नजरचूक असेल.
मी पक्का माणूस, माझ्या हातून असं होत नाही,
पण त्या रात्री डोळे दुखत होते, हेही खरं.
दोन्हींपैकी काय, ते ठरवता येत नाही.
बोटाने पुसून पाहतो.
बोट काळं होतं.