जमा

फिनलंडहून बाई आल्या, राउनी त्यांचं नाव.
करारावर सह्या मंगळवारी होत्या.
सोमवारी म्हणाल्या, आधी जुने कागद दाखवा.
म्हणून मला बोलावणं आलं.
अभिलेख कक्ष माझ्याकडं, एकतीस वर्षं.
वाळवी, उंदीर आणि कुलगुरू, तिघांनाही
मी येताना-जाताना बघितलंय.

दाराशी थांबून त्यांनी बूट काढले.
कुणी सांगितलं नव्हतं.
करड्या मोज्यांवर उभ्या राहिल्या शहाबादी फरशीवर,
म्हणाल्या, आमच्याकडं पोरं अशीच फिरतात आत,
बाहेर बर्फ असतो, बूट चिखलाचे.
मेहरुन मुजावर दुभाषी होती. मोरांवर पीएच.डी. करते
(माळावर मोर आहेत आमच्या, परीक्षा लागल्या की जास्तच ओरडतात).
ती म्हणाली, चिखल तो चिखलच की ओ काका.

मी विचारलं, तुमचं विद्यापीठ कुठल्या राजानं काढलं?
हसल्या. राजा नव्हताच.
वर्गणी काढली.
मला वाटलं मेहरुन चुकली.
वर्गणी म्हणजे मंडळाची, मांडवाची,
दहा दिवस ढोल आणि अकराव्या दिवशी हिशेबावरनं भांडण.
नाही ओ, खरंच वर्गणी!
शिंप्यानं दिली, दूधवाल्यानं दिली,
कुण्या मोलकरणीनं एका दिवसाचा पगार.
तिचं नाव अजून आहे वहीत.
या बाईंच्या आजीची आई ती.

मग मी खालच्या कप्प्यातनं काढली
लाल फडक्यात बांधलेली वही.
ती विद्यापीठाची नव्हे. एका बोर्डिंगची.
इमारत पाडली तेव्हा रद्दीवाल्याकडनं
किलोच्या भावानं सोडवून आणलेली.
शाई तपकिरी झालेली, अक्षर बोरूचं:
जोंधळे दोन पायली, सटवाजी खोत, बावडा.
गूळ, अर्धी ढेप.
शेणी, एक गाडी.
आणि एके ठिकाणी नाव नाही, नुसता अंगठा.
समोर लिहिलंय: भाकरी, रोज एक.

बाईंनी विचारलं, रोज म्हणजे कधीपर्यंत?
मी म्हटलं, बंद झाली असं
वहीत कुठं लिहिलेलं नाही.

गप्प बसल्या.
त्यांच्याकडं गप्प बसायला जागा असते म्हणे.
मास्तर प्रश्न विचारतो आणि थांबतो,
पोरं थांबतात,
दोन मिनिटं गेली तरी कुणी खाकरत नाही.
आणि मास्तरला नावानं हाक मारतात. एकेरी.
हे मेहरुनला फार लागलं.
गाईडचं नाव ती मनातल्या मनात घेऊन बघत होती,
ओठ हलत होते, दोनदा अडखळली.

दात, कायदा, समुद्रातलं शेवाळ,
बालवाडीच्या बाई आणि मेलेल्या भाषा,
सगळं एकाच आवारात शिकवतात.
दुपारी जेवायला रांग एकच, ताट उचलून ठेवायचं ज्याचं त्यानं.
मी म्हटलं, आमची बोर्डिंगं जातवार होती.
चूल वेगळी, फळा एक.
आता? त्यांनी विचारलं.
मेहरुननं माझ्याकडं बघितलं.
मी तिला म्हटलं, कर भाषांतर तुला जमेल तसं.
काय सांगितलं कुणास ठाऊक, लांबलं जरा.

निघताना बाई म्हणाल्या, मलाही काही द्यायचंय.
पैसे घ्यायची सोय नाही इथं, पावतीपुस्तक नाही.
पर्स चाचपली. मग हातातली पेन्सिल ठेवली टेबलावर,
अर्धी झिजलेली, टोकाला दातांच्या खुणा.
मंगळवारी सह्या झाल्या. हार, नारळ, फोटो.
उद्दिष्टांची तीन पानं. मी दाराशी होतो.

अभिलेखावर काही लिहायचं नसतं.
एकतीस वर्षं मी हेच सांगत आलो सगळ्यांना.
त्याच पेन्सिलीनं, फिक्कं,
अंगठ्याच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली:
पेन्सिल, एक. राउनी.

कुलूप लावून बाहेर आलो तर कार्यक्रम आटोपून
बाई परत आल्या होत्या, पायरीवर बसलेल्या.
कालचा मोजा ओला, म्हणाल्या,
तुमची फरशी कुठंतरी गळते.

पाइपाचं मी चार वर्षं लिहून देतोय.