टर्बोसाठी एक मिनिट

गाडी सात जणांची, लांबी चार मीटरच्या आत.
बाबा पाहुण्यांना हे असं सांगतात
जशी काही त्यांनीच दाबून बसवलीय ती
मुंढव्याच्या त्यांच्या जुन्या प्रेसखाली.
"हजार सीसी. सिलिंडर तीनच. पण टर्बो आहे."
मग पाहुण्यांचा चहा निवतो.
टर्बो कपबशीवर समजावला जातो :
इंजिनानं टाकून दिलेला धूर
जाता जाता एक चक्र फिरवतो,
ते दुसऱ्याला फिरवतं, ते ताजी हवा आत ढकलतं.
"फुकट. वायाच जाणार होतं ते."
वाया म्हणताना त्यांचा आवाज जरा बसतो.

स्वारगेटच्या सिग्नलला ऐंशी दिसले की इंजिन बंद.
साठला बंद. पंचवीसलाही बंद.
मागून हॉर्न, शेजारून रिक्षावाल्याची जीभ, तरी बंद.
टायरची हवा पहाटे, रबर गार असताना.
कप्प्यात पतपेढीची डायरी,
तिच्यात लिटर, किलोमीटर, भागाकार,
दशांशानंतर दोन आकडे.
१८.४०च्या खाली दोन रेघा.
१६.८२च्या समोर : "एसी (जावई)".

आणि हाच माणूस
धनकवडीच्या पार्किंगमध्ये, नऊ नंबरच्या खांबापाशी,
हँडब्रेक ओढून म्हणतो,
"थांबा. कुणी उतरायचं नाही.
टर्बो तापलाय. एक मिनिट."
चाकं उभी, पेट्रोल जळतंय,
आणि बाबा घड्याळाकडे बघतायत.

त्या मिनिटात आई पिशवीतले डबे मोजते.
तिसऱ्या रांगेत हनुवटीला गुडघे लावून बसलेला निमिष
विचारतो, हे पाय माझेच आहेत का.
मामी नारायणपूरचा प्रसाद पुढे पाठवते,
पुढच्या सीटपर्यंत येतो तो निम्मा.
आणि एकदा, नसरापूरहून येताना,
मधल्या रांगेतून वृंदाताई म्हणाली,
"मी नाशिकला परत जाणार नाहीये."

पंख्याचा आवाज.
कुणाच्या तरी हातात चुरमुऱ्याची पिशवी.
बाबांनी घड्याळ पाहिलं नाही.
ते मिनिट किती लांबलं याची नोंद नाही,
त्या टाकीचा भागाकार मात्र आहे :
१५.९१. समोर, त्यांच्या अक्षरात, "चालेल."

गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांत
समोरच्या गाड्यांचे दिवे फुटायला लागले.
किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या ताटाशेजारी,
आणि जाऊन बसले थेट तिसऱ्या रांगेत.
"पुढे बसा की," आई म्हणाली.
"मागून इंजिन नीट ऐकू येतं."
इंजिन पुढे असतं. कुणी वाद घातला नाही.
तिथून ओरडतात, "अडीच हजारांवर गेलीस. गिअर टाक."
काटा त्यांना दिसत नाही.
काट्याला मात्र ते दिसत असावेत.

एक गोष्ट मी त्यांना कधी बोलले नाही.
जुन्या घाटाचा चढ बोगद्याशी संपतो,
पुढे सगळा उतार, मग कात्रज चौकात मुंगीच्या चालीनं.
घरी पोचेस्तोवर टर्बो केव्हाच निवलेला असतो.
त्याला मिनिट लागत नाही.
पस्तीस वर्षं लोखंड तापवून थंड करण्यात घालवलेल्या माणसाला
हे ठाऊक नसेल?

काल रात्री ताईला वारज्याला सोडून आलो.
गाडीत तिघंच. मी, आई, पार मागे बाबा.
मधली रांग रिकामी,
एक बक्कल दाराला लागून वाजत होतं.
खांब नऊ. हँडब्रेक. हात किल्लीवर गेला.
मागून आवाज नाही.
आरशात त्यांची मान टेकलेली,
डोळे मिटलेले, पापणीखाली औषधाचा ओघळ.

"थांबा," मीच म्हणाले. "टर्बो तापलाय."

आईनं डबे मोजणं थांबवलं.
इंजिन चालू होतं.
चाळीस सेकंद झाले असतील.
मागून, डोळे न उघडता :
"बोल."