साडेसव्वीस ते साडेसाठ

जिनिव्हात नोव्हेंबर. तळ्यावरून बीझ वारा सुटलेला,
तिसऱ्या मजल्यावर वाटणीचा आठवा दिवस.
सोळाशे साडेसव्वीसपासून सोळाशे साडेसाठपर्यंत
चौतीस मेगाहर्ट्‌झ, आणि वाटेकरी पाच.
जहाजं, विमानं, वाळवंटातले ट्रक,
सगळ्यांचा आवाज उपग्रहाकडे जायचा तो एवढ्याच वाटेनं.
या रानाचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही,
म्हणून दर वर्षी भांडण बांधाचं.

मी काचेमागचा दुभाषा.
कानात स्पॅनिश येतं, तोंडून फ्रेंच जातं.
शेजारी सोलांज. माइक एकच,
अर्धा तास तिचा, अर्धा माझा;
पाळी बदलताना बोलत नाही आम्ही,
नुसती पेन्सिल सरकवतो.

ओस्तापेंको म्हणतो, यांनी आमचा बांध कोरला, दहा किलोहर्ट्‌झ.
व्हिटाकर म्हणतो, मोजून दाखवा.
मोजतात. साडेचार निघतात.
जेवणाची सुट्टी.

दुपारी पडद्यावर आलेख : गेल्या वर्षी कुणी किती वापरलं.
डाव्या कडेला एक रेघ
जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सपाट.
"ही पट्टी पडीक आहे," व्हिटाकर सौम्यपणे म्हणतो,
"आमच्या विमानांना पुरत नाही. आम्हाला द्या."

तेव्हा ओरियाना बारिया बटण दाबते.
पुएर्तो मोंतची. आठ दिवसांत पहिल्यांदाच.
आणि धंद्याच्या नियमाप्रमाणे तिचा 'मी' माझा होतो :
माझा भाऊ मेर्लुसा धरायला जातो, मी सांगतो,
ज्याला भाऊ नाही,
ज्यानं तो समुद्र फक्त नकाशात पाहिलाय.
चौदा वर्षांत त्यानं एकदाच हाक मारली.
बावीस सेकंद.
तुमच्या आलेखात काढली असती
तर रेघेच्या जाडीतच मावली असती.
वाट मोकळी होती म्हणून पोचली.
ही पट्टी पडीक नाही, महाशय.
ती...

इथे मला शब्द सापडेना.
हेडफोन लावलेली वीस माणसं
अर्धा सेकंद नुसती थांबली,
कुणी खोकलंसुद्धा नाही.

...ती कान देऊन बसलेली आहे.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. व्हिटाकरनं चष्मा पुसला.
इतिवृत्तात एक ओळ पडली : विषय पुढच्या वर्षी.
ओस्तापेंको पुन्हा साडेचारांवर आला.

माझा अर्धा तास केव्हाच संपला होता.
सोलांजनं पेन्सिल मागितली नाही.