चुन्याची निवळी

सीवूड्सच्या सातव्या मजल्यावर
दोनशे लिटर समुद्र आहे माझ्याकडे.
मीठ कुरिअरने येतं, बादलीतून.
पाणी आरओचं, टीडीएस शून्य.
आणि खिडकीतून दिसते ती एवढी मोठी खाडी
यातल्या कोणालाच चालत नाही.

हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा
ते बराच वेळ खाडीकडेच बघत राहिले.
हसुराम नाखवा, दिवाळे कोळीवाडा.
छातीत पाणी झालं म्हणून अकरा दिवस दवाखान्यात,
आता आमच्या हॉलमध्ये, दिवाणावर,
टाकीकडे तोंड करून.

आल्या दिवशीच बोट बुडवून चाटलं.
"मीठ कमी हाय यान."
मी हसलो. मग गुपचूप रिफ्रॅक्टोमीटर लावला.
एक पॉइंट शून्य दोन तीन.
कमीच होतं.

त्याच आठवड्यात पीएच पडायला लागला.
संध्याकाळी आठ पॉइंट एक,
दिवे मालवले की पायऱ्या उतरल्यासारखा
पहाटेपर्यंत सात पॉइंट सात.
रात्री उतरतोच तो थोडा,
अंधारात प्रवाळाचंही नुसतं श्वास सोडणं चालू असतं.
पण एवढा नाही.

प्रोब धुतला. सातच्या, मग दहाच्या द्रावणात बुडवून
पुन्हा आकडे शिकवले त्याला.
थेंब मोजत निळ्याचं पिवळं केलं : केएच आठ. ठीक.
स्किमरची नळी खरवडली.
कोपरखैरण्याचा मेल्विन फोनवर म्हणाला,
चुना दे, रात्रीचा, अगदी हळू.

बरणीत चुना ढवळून ठेवला, गढूळ खाली बसू दिला,
वरची निवळी सलाइनच्या नळीने सोडली.
सासरे ओळखीचं कुणी भेटल्यासारखे उठून बसले.
"चुना व्हय? आमी शिंपल्या भाजून करायचो."
आणि मग, बराच वेळाने,
"म्हंजे पुन्ना शिंपल्याच करतंय का ह्ये?"
हो, म्हटलं. तसंच काहीतरी.

तरी पहाटे सात पॉइंट सात दोन.

तीनला उठलो. हेमांगी झोपलेली.
हॉलच्या खिडक्या गच्च बंद, वारा लागला की त्यांना खोकला येतो.
ते जागे होते, उशीला टेकून,
पंपाच्या आवाजाच्या वर त्यांचा श्वास
जाळं ओढताना काढावा तसा.
मी दारातच उभा राहिलो.
बंद खोलीतली हवा पाण्यात उतरते,
हे मी पुस्तकात दोनदा अधोरेखित केलेलं.

त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.
"खिरकी उघर. मासं घाबरं झालंत."
उघडली. खाडीचा वास आत आला
आणि ते खोकायला लागले,
थांबेचनात.
लावून घेतली.

वहीत लिहिलं :
३.४०. सात पॉइंट सात दोन. खिडकी बंद.
मग नळीची चकती
अर्धा फेरा सैल केली.