बारीक उभी रेघ

परळला, चौथ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत
माझं टेबल, एक फोन,
आणि यादी: जे परत आले नाहीत त्यांची.
हॅलो, मुंबईहून बोलतेय, दवाखान्यातून.
पलीकडे कुणी गप्प होतं,
कुणी घाईने म्हणतं राँग नंबर,
आवाज मात्र ओळखीचा.

कौतिक दामू सैंदाणे, वय एक्केचाळीस, तालुका पारोळा.
आली तेव्हा गाठ कातडी फोडून बाहेर,
आत हाडांपर्यंत पोचलेली.
आधी का नाही आलीस, हे सगळ्यांचं विचारून झालं होतं.
मी विचारलं, जेवलीस का.

उंची, वजन, त्यावरून लाल औषधाचं माप.
ज्या बायकांवर ते माप ठरलं
त्या हिच्याहून वीतभर उंच असाव्यात,
आणि कुणी गच्च दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर
सलाईनचा हात उशाला घेऊन निजली नसावी.

पहिल्या डोसाला केस गेले.
दुसऱ्याला नखं काळी.
तिसऱ्याला गाठ निम्मी!
डॉक्टर चक्क हसले. मी फाईलवर लिहिलं:
प्रतिसाद, अंशतः.
चौथ्याला ती आलीच नाही.

आमच्याकडे एक आलेख असतो, पायऱ्यांसारखा उतरणारा.
प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी गेलं.
मधेमधे बारीक उभ्या रेघा असतात,
नखाने ओरखडा काढल्यासारख्या.
त्या बायकांचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही.
औषध किती लागू पडलं ते मोजताना
त्या तिथपर्यंतच मोजतात.

तिने दिलेला नंबर पिठाच्या गिरणीचा निघाला.
"थांबा," म्हणाला माणूस. पट्टा फडफडत मंदावला.
"शे ना, जित्ती शे. आखाजी शे ना,
पोर येल शे माहेरले. बोलावतो."

बराच वेळ नुसती गिरणीची धाप.
मग ती. श्वास लागलेला.
"गाठ आता हाताला लागत नाही, ताई.
मग कशाला येऊ?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे छापील आहे, मराठीत, हिंदीत.
वाचलं. ती ऐकत होती, मागे कुणी झोक्यावर हसत होतं.
"पोरीला सासरी धाडते, मग येते," म्हणाली,
आणि फोन गिरणीवाल्याच्या हाती गेला.

रेघ पुसली. तारखेच्या रकान्यात टाइप केलं:
पोरीला धाडल्यावर.
संगणकाने घेतलं नाही.
तिथे फक्त आकडे चालतात.