वेळ उरल्यास

टिळक रोडवरचा हॉल, शनिवार, साडेपाच.
छत्तीस खुर्च्या, चौतीस माणसं,
दोघं अजून पार्किंग शोधतायत.
माझ्या हातात सात दिवसांचा कागद.

पहिला प्रश्न दह्याचा. नेहमी तोच असतो.
मिळतं, पण घरच्यासारखं नाही.
दुसरा: सूर्योदय सक्तीचा आहे का?
नाही काका. पण पहाटे साडेचारला लॉबीत चहा आहे,
आणि चहा फक्त सूर्योदयवाल्यांना.
इथे हशा येतो. दर बॅचला येतो.

मग पडद्यावर देऊळ लावतो.
पश्चिमेला तोंड करून बसलेलं विष्णूचं घर,
तळ्यात उलटं,
शिखरं कमळांच्या देठांत अडकलेली.
आत भिंतीवर समुद्रमंथन. असुरांचे दंड बघा,
येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून
काळे, गुळगुळीत झालेत.
आपण लावायचा नाही.

पुढचं देऊळ, त्याच्या छपरावर झाडं बसलीत.
कुणीतरी म्हणतंच,
आपल्या पाताळेश्वराच्या वडासारखं.
हो, तसंच. आणि तसं मुळीच नाही.
आपला वड बाजूला उभा राहून सावली धरतो.
तिथली मुळं दगडाच्या गळ्यात पडलीत,
सोडवली तर भिंत जाईल, ठेवली तरी जाईल,
म्हणून लोखंडी टेकू लावून
दोघांनाही धरून ठेवलंय.

चौथ्या दिवशी मोठं सरोवर.
पावसाळ्यात तिथली नदी माघारी फिरते,
आल्या वाटेने सरोवरात शिरते.
मुठा अशी खडकवासल्याकडे निघाली तर?
मागच्या रांगेतून.
पाटबंधारे खात्याला कळवू.

सहावा दिवस, राजधानी.
राजवाडा, चांदीची फरशी, रेशीम, मिरी.
आणि तळाशी, बारीक टायपात:
शाळेची जुनी इमारत, वेळ उरल्यास.

ते दोन शब्द माझेच. अकरा वर्षांपूर्वीचे.
वेळ उरत नसे.
मिरीच्या दुकानात माणसं फार रेंगाळतात.

मग एका बॅचला नलिनी खाजगीवाले आल्या.
महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं,
गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये खडूचा डाग.
म्हणाल्या, रेशीम आहे माझ्याकडे. शाळा दाखवा.

वन्नाक, आमचा तिथला गाइड,
देवळात चारी युगं घडाघडा म्हणणारा,
फाटकापाशीच थांबला, चाफ्याखाली.
तो आत येत नाही.
मी कधी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

आत वर्ग होते.
चौकटीच्या फरश्या, आमच्या शाळेत होत्या तशा.
आणि भिंतभर फोटो: तुरुंग झाल्यावर
इथे आणलेली माणसं. पोरंसुद्धा.
कित्येकांच्या छातीवर आकडा.
बाई एकेका चेहऱ्यापुढे थांबत गेल्या,
पट्ट्याचा गुडघा ओढत,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"आकड्यांनी हजेरी घेतं का कुणी?"

परत बसमध्ये मी मोजायला लागलो,
नेहमीसारखा, बोट नाचवत, एक, दोन, तीन,
सातावर बोट थांबलं.
सात म्हणजे एक आजोबा होते, खिडकीपाशी, चणे खात.
नाव आठवेना.

तेव्हापासून नावं घेतो. आजही.
मंदाकिनी उकिडवे. हजर.
शकील तांबोळी. हजर.
दत्तात्रय भोंडे. हजर, हजर, आणि ही पण हजर.
लोकांना गंमत वाटते.
पार्किंगवाले दोघं धापा टाकत दारातूनच ओरडतात.
यादीत शेवटचं नाव वन्नाकचं.
तिथे विमानतळावर तो म्हणेल, "बात".
त्यांच्या भाषेत पुरुषाचा होकार.

कागदावर ते दोन शब्द अजून आहेत.
मालक म्हणतात, राहू दे, लोक सुट्टीवर येतात.
दर वेळी खोडायचं ठरवतो.

खुर्च्या रचताना दह्यावाल्या बाई परत येतात,
हळू आवाजात:
विरजण नेलं तर चालेल?