कोरं फडकं

कार्ड करुणाताई मेश्रामकडेच असतं,
तिच्या पोलिओच्या रजिस्टरात, मागच्या पुठ्ठ्यात.
"तुह्या घरी कोठी हाये, पेटी हाये, आलमारी हाये,
पण तुही अशी जागा नाई वो," ती म्हणाली.
मी मनात घर फिरून आले.
खरंच नव्हती.

मेडिकलवाला नवऱ्याचा मावसभाऊ.
गोळ्यांचं पाकीट मागितलं असतं
तर माझ्याआधी तेच घरी पोचलं असतं.

म्हणून सुई. दर तीन महिन्यांनी.
घरी सांगायचं, बँकेत केवायसी आहे, अंगठा जुळत नाही.
पैशाचं काम म्हटलं की कोणी अडवत नाही.
दोन्ही पोरी शेजारी ठेवून साडेनऊची एसटी.

नर्सबाईनं विचारलं, घरी माहीत आहे?
मी म्हटलं, हो.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
आणि दंड पुसायला कापूस घेतला.
इतका मऊ असतो?
मी तर वेचते तेव्हा
बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात.

सुईचं नाव अंतरा.
कार्डावर ते माझ्या नावाखाली लिहिलं होतं:
रोशनी नेवारे, वय सव्वीस, अपत्ये दोन, अंतरा.
मला वाटलं, तिसरीचंच नाव लिहिलं की काय.
छान आहे नाव. ठेवलंही असतं.

मग पाळी गेली.
जाऊ शकते, हे सांगितलं होतं दवाखान्यात.
सासूला काय वाटेल, ते कुठं कोणी सांगतं.

ती माझे दिवस बोटांच्या पेरांवर मोजते,
आठ बाळंतपणं त्याच पेरांवर मोजलेली.
दीड महिना झाला नि ती माझ्याशी हळू बोलायला लागली.
ताटात तूप. फडताळात मीठ लावलेली चिंच.
नळाला गेले तर हातातला गुंड काढून घेतला,
"तू बस. मी भरतो."
आठ वर्षांत पहिल्यांदा मी बसले.
ओट्यावर, दुपारी, नुसती.
लाज वाटली आणि बरंही वाटलं.
कोणाच्या तरी वाटणीचं तूप खात होते मी,
जे येणारच नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात ती गल्लीत बोलेल, एवढं दिसत होतं.
त्या रात्री मी ठरवलं.
सकाळी चुलीपासून लांब उभी राहिले, म्हटलं,
कावळा शिवला.
तिच्या हातातली परात तशीच राहिली.
मग ती काही न बोलता
माझं ताट सपरीत ठेवून गेली.
तूप नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला बसते.
भिंतीवर कोळशाची रेघ ओढते,
नाहीतर चुकेल, स्वतःचाच महिना चुकेल.
चार दिवस सपरीत, तुराट्यांच्या भाऱ्याशेजारी,
पोरी लांबून दप्तर दाखवतात.
आणि रोज पहाटे न्हाणीत
एक कोरं फडकं धुते.
डाग नसलेलं. घासून घासून.
वाळत घालते दोरीवर, साडीच्या खाली,
सगळ्या बायका घालतात तसं.

परवा सासू दोरीपाशी उभी होती.
साडी उचलून तिनं फडकं चिमटीत धरलं,
पालथं केलं, उन्हात धरलं.
माझा घोट घशातच.
"लई साबण लावत जाऊ नोको," ती म्हणाली.
मग ते खालून काढलं
आणि वर टाकलं, रस्त्याच्या अंगाला,
जिथं जाणारायेणारा बघेल.
"दिसू दे लोकायले."

काय दिसू दे?
की सून अजून रिकामीच आहे?
की सून बसते, नियमानं बसते, विचारू नका?
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.
ती गुंड घेऊन निघालीही होती,
नळाचा दिवस होता.

फडकं वाऱ्यानं दोनदा उलटलं.
पुढची तारीख सतरा.
केवायसी पुन्हा करावी लागते म्हणे.